बाकं मोजणारी मुलं : बंगलोर प्रोजेक्ट आणि भाषेच्या तासाची भीती

आजची गोष्ट बंगळूरची आहे, आणि ती एका भीतीची आहे. भाषेच्या तासाला बाई वर्गावरून नजर फिरवतात, ती नजर आपल्यापाशी थांबते आणि पोटात गोळा येतो, ती भीती. गणिताच्या तासालाही भीती वाटतेच, पण तिची जात वेगळी. गणित चुकलं तर उत्तर चुकतं. परक्या भाषेत तोंड उघडलं आणि चुकलं, तर माणूसच चुकल्यासारखा होतो. जीभ आपली, उच्चार आपला, आणि हसंही आपलंच.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत शिकले. आमचं इंग्रजी पाचवीपासून. सहावीत एकदा धडा वाचायला मला उभं केलं आणि मी 'आयलंड'चा उच्चार अक्षरं जोडून 'इसलंड' असा केला. वर्ग हसला, सरही हसले. त्यांनी काही वाईट हेतूनं केलं नसेल, पण त्यानंतर वर्षभर मी एकच विद्या शिकले. पुढच्या रांगेपासून बाकं मोजायची, एकेकाच्या वाट्याला एक परिच्छेद धरायचा, आपल्या वाट्याला कुठला येणार ते काढायचं आणि तेवढाच मनात घोकत बसायचं. बाकीचा धडा ऐकायचाच नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे केलेलं असणार. आता यात गंमत अशी, की बाहेरून बघणाऱ्याला मी अतिशय एकाग्र विद्यार्थिनी दिसत असेन. प्रत्यक्षात त्या तासाला इंग्रजी माझ्या कानापर्यंत पोचतच नव्हतं.

या भीतीला नाव आणि माप मिळालं ते अमेरिकेत. 1983 च्या उन्हाळ्यात टेक्सास विद्यापीठात परकी भाषा नव्यानं शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगण्यात आलं, की भाषेच्या तासाचं दडपण येत असेल तर आपण एक मदतगट सुरू करतो आहोत. ही सूचना 225 जणांपर्यंत गेली, आणि 78 जणांनी आपल्याला यायचं आहे असं कळवलं. म्हणजे तीनांत एक. आणि ही तरणीताठी, आपल्या देशात, आपल्या भाषेत बिनधास्त बोलणारी मुलं. एलेन हॉरविट्झ, मायकेल हॉरविट्झ आणि जोअ‍ॅन कोप या तिघांनी त्यावरून 1986 मध्ये एक लेख लिहिला आणि 33 विधानांची एक प्रश्नावली तयार केली. जगभर आजही ती वापरतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ही भीती परीक्षेच्या किंवा सभेत बोलण्याच्या भीतीहून वेगळी आहे. प्रौढ माणसाच्या डोक्यात विचार मोठे असतात आणि नव्या भाषेत शब्द लहान मुलाएवढे. स्वतःला आपण जे समजतो ते त्या भाषेत दाखवताच येत नाही. माणूस तिथेच गोठतो.

टेक्सासमध्ये हे मोजमाप चाललं होतं त्याच वर्षांत, 1979 ते 1984 मध्ये, बंगळूर आणि मद्रासकडच्या काही साध्या शाळांत एक प्रयोग चालू होता. त्याला जगात 'बंगलोर प्रोजेक्ट' म्हणतात. भाषाशिक्षणाच्या इंग्रजी पुस्तकांत त्याच्यावर पानंच्या पानं आहेत. आपल्याकडे मात्र, अगदी बंगळूरमध्ये वीस-वीस वर्षं राहिलेल्या मराठी मंडळींनाही, तो ठाऊक नसतो. मलाही नव्हता. त्या प्रयोगाचा उद्देश भीती घालवणं हा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. पण त्याची घडण बघितली की वाटतं, बाकं मोजणाऱ्या मुलांचा इतका विचार क्वचितच कुणी केला असेल.

तिथे जाण्याआधी जरा गावाकडे बघू. इंग्रजांनी 1809 मध्ये इथे लष्करी छावणी वसवली. तेव्हापासून बंगळूर ही दोन गावं होती. पश्चिमेला जुनी पेठ, कन्नड आणि तेलुगू बोलणारी, चिकपेट-बळेपेटची. पूर्वेला कँटोन्मेंट, इंग्रजी-तमिळ-उर्दूची. मध्ये कब्बन पार्क. दोघांच्या नगरपालिका 1949 मध्ये एक झाल्या, पण इंग्रजी हे बागेच्या पलीकडचं असतं ही भावना तेवढ्यानं जाते होय? आजच्या एम. जी. रोडला, म्हणजे जुन्या साउथ परेडला, दुकानात शिरताना आपलं इंग्रजी मनात एकदा म्हणून बघणारी माणसं पेठेत किती तरी असतील. म्हणून 'परकी भाषा' हा शब्द मी इथे इंग्रजीसाठी बिनदिक्कत वापरते. कागदावर ती दुसरी भाषा असेल. कन्नड शाळेतल्या मुलाच्या लेखी ती परकीच.

आणि आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? मुंबई विद्यापीठ 1857 चं. तिथली पहिली मॅट्रिक 1859 मध्ये झाली. बसलेल्यांपैकी मोजकेच पास झाले, त्यांत रानडे आणि भांडारकर. तेव्हापासून इंग्रजी मराठी घरात आली ती परीक्षा म्हणून. बोलणं म्हणून नाही. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुढे ठेवून पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि ती माणसं उत्तम इंग्रजी लिहीत. पण पाठमालेत एक सोय होती, तिच्यासमोर कुणी हसत नसे. घरी, कंदिलाखाली, आपण आणि वही. भीती वर्गात आहे, पुस्तकात नाही, हे आपण विसरतो. महाराष्ट्रात इंग्रजी कधी आठवीपासून, मग पाचवीपासून, आणि 2000 सालापासून पहिलीपासून सुरू झाली. वाद नेहमी कितवीपासून यावर. तासात काय होतं यावर फारसा नाही.

तासात काय होत होतं ते सांगते. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून, दक्षिणेत आणि मग देशभर एक नवी पद्धत आली. तिला 'स्ट्रक्चरल' म्हणत. इंग्रजीतल्या वाक्यरचना सोप्याकडून अवघडाकडे लावायच्या, रोज एक घ्यायची, वस्तू दाखवून वर्गाकडून म्हणून घ्यायची. तुम्हाला आठवतच असेल. बाई पेन्सिल वर धरतात, 'धिस इज अ पेन्सिल', वर्ग एकसुरात तेच म्हणतो. मग एकेकाला उभं करून तेच. भाषांतर आणि व्याकरण घोकण्यापेक्षा ही पद्धत पुढची होती, यात शंका नाही. पण त्या वाक्याकडे नीट बघा. ती पेन्सिल आहे हे कुणाला ठाऊक नाही? सगळ्यांना ठाऊक आहे. मग ते वाक्य बोलायचं कशासाठी? बरोबर बोलता येतं की नाही हे बघण्यासाठी. त्या वाक्याला दुसरं कामच नाही. म्हणजे वर्गात उच्चारलेलं प्रत्येक वाक्य हीच एक छोटी तोंडी परीक्षा, आणि तासाला अशा चाळीस.

एन. एस. प्रभू हे तेव्हा ब्रिटिश कौन्सिलच्या मद्रास कार्यालयात इंग्रजी शिक्षणाचं काम बघत. बंगळूरला 1963 पासून रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश ही संस्था आहे. दक्षिणेकडच्या राज्यांतले इंग्रजीचे शिक्षक तिथे प्रशिक्षणाला येत. आज ती ज्ञानभारती परिसरात आहे. तिथल्या चर्चांतून 1979 मध्ये प्रयोगाची कल्पना आकाराला आली. प्रभूंचा मूळ प्रश्न व्याकरणाचाच होता. मुलं तासात रचना बरोबर म्हणतात आणि तासाबाहेर ती वापरू शकत नाहीत, असं का? त्यांचं अनुमान असं, की माणसाचं मन अर्थात गुंतलेलं असतं तेव्हा व्याकरण आतल्या आत, न कळत घडतं. तेव्हा व्याकरण शिकवायचंच नाही, आधी म्हणून घ्यायचं नाही, रचनांची यादी ठेवायची नाही. मुलांना इंग्रजीतून सोडवायला कोडी द्यायची.

कोडी कुठली? रेल्वेचं वेळापत्रक. नकाशा. शाळेचं वेळापत्रक. दुकानातल्या भावांचा हिशेब. अमुक गाडीनं निघालं तर तमुक गावी किती वाजता, मध्ये किती वेळ, चुकली तर पुढची कुठली. मद्रास आणि बंगळूरमध्ये धावणारी वृंदावन एक्स्प्रेस त्यांच्या पाठांत आहे. 1964 पासूनची गाडी, कटपाडी-जोलारपेट करत येणारी, त्या मुलांच्या ओळखीची. लंडनची भुयारी रेल्वे नव्हे.

आता बारकावे बघा, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

पाठाचे दोन भाग. आधी शिक्षक एक कोडं सगळ्या वर्गाबरोबर फळ्यावर सोडवतात, प्रश्न विचारत विचारत. कुठे अडतंय हे त्यांना तिथेच दिसतं, मग प्रश्न सोपा करायचा, फोडायचा, पुन्हा विचारायचा. ज्याला काही येत नाही त्यालाही दुसऱ्याचं बघून रीत कळते. मग तसंच दुसरं कोडं, थोडं पुढचं, प्रत्येकानं आपापल्या वहीत सोडवायचं. कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा एक आकडा, एखादं नाव, हो किंवा नाही. 'किती वाजता?' याला 'सात पंचवीस' एवढं उत्तर पुरतं. पूर्ण वाक्यात उत्तर द्या, हा आपल्या वर्गांतला सनातन हुकूम तिथे नव्हता. शिक्षक इंग्रजीतच बोलत, पण मुलं आपसात कन्नडमध्ये किंवा तमिळमध्ये कुजबुजली तर बंदी नव्हती. आणि गुण उत्तराला, भाषेला नाही. मुलाचं वाक्य मोडकं असेल तर शिक्षक बोलता बोलता ते नीट करून पुढे जात, घरी आपण लहान मुलाशी बोलताना करतो तसं. त्या चुकीवरून धडा घ्यायचा नाही.

याचा परिणाम काय होतो? मुलगा उभा राहतो तेव्हा वर्गाचं लक्ष गाडी किती वाजता सुटते याकडे असतं. तो चुकला, तर गाडी चुकली. गणितासारखं. मघाशी मी म्हटलं ना, गणिताच्या भीतीची जात वेगळी, तर प्रभूंनी इंग्रजीच्या तासाला गणिताची जात दिली. त्यांचं दुसरंही एक सूत्र होतं. कोडं इतपत अवघड हवं, की निम्म्या वर्गाला साधारण निम्मं जमावं. सगळ्यांना सगळं आलं तर कंटाळा, कुणालाच आलं नाही तर धसका.

कोड्यांचे त्यांनी तीन प्रकार केले होते. एकाजवळची माहिती दुसऱ्याला द्यायची, असा पहिला. दिलेल्या माहितीवरून तर्क करायचा, असा दुसरा. आणि आपलं मत सांगायचं, हा तिसरा. अनुभवानं ते दुसऱ्यावर स्थिरावले. मत सांगा म्हटलं की मुलं बावरतात, कारण उत्तर कुठे संपतं तेच कळत नाही. आणि मतासाठी शब्दही जास्त लागतात. तर्काच्या कोड्यात मुलाला आधार असतो. बरोबर काय हे तो स्वतः ताडून बघू शकतो, आणि ताडून झाल्यावरच हात वर करतो. ज्याला आपण 'मोकळं व्हा, मनातलं बोला' म्हणून आधार देऊ बघतो, त्याला तेच सगळ्यात भीतिदायक असतं, हे प्रभूंना वर्गात बसून कळलं.

पण मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट निराळी आहे. त्या काळात पाश्चात्त्य देशांत गटकामाची लाट होती. चार-चार मुलांनी एकमेकांशी परक्या भाषेत बोलायचं, म्हणजे सगळ्यांना बोलायला मिळतं. प्रभूंनी ते टाळलं. एक कारण भाषेचं, मोडकी भाषा मोडक्या भाषेलाच घट्ट करते. दुसरं कारण अब्रूचं. शिक्षकासमोर चुकणं पुष्कळ मुलांना त्यामानानं चालतं, शिक्षक तो शिक्षकच. बरोबरीच्या मुलांसमोर चुकणं जास्त झोंबतं. मनानं दोघं एकत्र बसून सोडवत असतील तर बसू देत, पण सक्तीचे गट नकोत. हे वाचलं तेव्हा मला सहावीतला तो तास आठवला. सर हसले ते मी विसरले असते. वर्ग हसला ते विसरले नाही.

त्याच सुमारास वर्गाबाहेरचं बंगळूर पेटलं होतं. शाळेत कन्नडला पहिला मान मिळावा अशी शिफारस करणारा गोकाक समितीचा अहवाल 1981 चा, आणि त्यासाठीचं आंदोलन 1982 चं. त्यात राजकुमार उतरल्यावर तर लाखालाखाच्या सभा. आपल्या मंडळींसाठी एक आठवण, वि. कृ. गोकाक हे सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजचे प्राचार्य होते, आणि पुढे हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशचे संचालक. इंग्रजीच्या शिक्षणाची धुरा वाहिलेल्या माणसाचं नाव कन्नडच्या चळवळीला मिळालं. यात विसंगती नाही. आपल्या भाषेत ताठ उभा असलेला माणूस परक्या भाषेत अडखळला तरी त्याचं फार बिघडत नाही, असं मला वाटतं. पण तो आजचा विषय नाही.

प्रयोगाचं काय झालं? 1984 मध्ये अ‍ॅलन बेरेटा आणि अ‍ॅलन डेव्हिस यांनी त्याचं मूल्यमापन केलं. चार शाळा, प्रत्येक ठिकाणी प्रयोगातला एक वर्ग आणि नेहमीच्या पद्धतीचा एक. वाक्यरचनेच्या चाचणीत नेहमीचे वर्ग पुढे, कोड्यांच्या चाचणीत प्रयोगातले. म्हणजे ज्याला जे शिकवलं ते आलं. दोन्हीकडे न झुकणाऱ्या चाचण्या घेतल्या, त्यांत एकंदरीत प्रयोगातल्या मुलांकडे पारडं झुकलं. निकाल निर्विवाद नव्हता. वर्ग चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, आणि प्रयोगाचे शिक्षक नेहमीच्या शिक्षकांपेक्षा जास्त तयारीचे होते, अशा शंका त्यांनी स्वतःच मांडल्या. या चाचण्यांत श्रुतलेखन होतं, व्याकरण होतं, आकलन होतं. भीती कुणी मोजली नाही. टेक्सासची प्रश्नावली छापून यायला अजून दोन वर्षं होती.

बेरेटांनी नंतर आणखी एक गोष्ट तपासली, ती म्हणजे शिक्षकांना ही पद्धत कितपत पेलली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ शिक्षकांच्या मानानं शाळांतल्या नेहमीच्या शिक्षकांना ती जड गेली. इथे मला दुसरी भीती दिसते, फळ्याजवळची. 'धिस इज अ पेन्सिल'चा तास शिक्षकाला सांभाळून घेतो. आज कुठलं वाक्य बोलायचं ते सकाळीच ठाऊक असतं. वेळापत्रकाच्या तासात मूल काहीही विचारू शकतं, आणि त्याला तिथल्या तिथे इंग्रजीत उत्तर द्यावं लागतं. कन्नड किंवा मराठी शाळेतले शिक्षकही एके काळी बाकं मोजणारी मुलंच होती. त्यांच्या बाकाचं काय, याचं उत्तर प्रयोगात नव्हतं.

प्रभूंचं 'सेकंड लँग्वेज पेडगॉजी' हे पुस्तक 1987 मध्ये आलं. ते पुढे सिंगापूरच्या विद्यापीठात शिकवत होते. 1990 मध्ये त्यांनी, सर्वोत्तम पद्धत अशी काही नसतेच, असा एक गाजलेला लेख लिहिला, म्हणजे स्वतःच्या पद्धतीचाही झेंडा त्यांनी रोवला नाही. शाळा पुन्हा आपल्या वाटेला लागल्या. पण 'काम देऊन भाषा शिकवणं' ही कल्पना बंगळूरहून निघाली ती जगभर फिरली, आणखी पुष्कळांच्या कल्पना तिच्यात मिसळल्या. युरोपनं 2001 मध्ये भाषांसाठी ए-एक, ए-दोन, बी-एक अशा पातळ्यांची चौकट प्रसिद्ध केली. तिच्यातही भाषा शिकणारा म्हणजे भाषेतून कामं पार पाडणारा माणूस, अशीच कल्पना आहे. त्या चौकटीवर बेतलेली जर्मन-फ्रेंचची पुस्तकं आज बंगळूरच्या संध्याकाळच्या वर्गांत असतात. म्हणजे कल्पना घरी परत आली. फक्त येताना गटकाम घेऊन आली आणि ते एक-शब्दी उत्तर वाटेत कुठेतरी राहून गेलं.

हे मी सांगू शकते, कारण पंचेचाळिशीत मीही असा एक वर्ग लावला. जर्मनचा. पहिल्याच संध्याकाळी पुस्तकातलं पहिलं काम आलं, शेजाऱ्याकडे वळा आणि दोन मिनिटं स्वतःबद्दल सांगा. वर्गात निम्मे आयटीतले. दिवसभर परदेशी लोकांशी इंग्रजीत वाद घालणारी मंडळी, आणि सगळ्यांच्या माना खाली. माझ्या शेजारी केरळची एक तरुण परिचारिका होती. तिला जर्मनीत नोकरी मिळणार होती, पण बी-दोनची परीक्षा पास झाली तरच. घर गहाण टाकून बंगळूरला आली होती. पाच आठवडे ती माझ्याशी जर्मनमध्ये एक वाक्य बोलली नाही. काम आलं की वहीत काहीतरी खरडायची आणि माझ्याकडे बघून कसंनुसं हसायची. मीही तिला बोलायला लावलं नाही. खरं सांगायचं तर मीही तेच करत होते, मनातल्या मनात बाकं मोजत होते.

सहाव्या आठवड्यात जर्मन रेल्वेचं वेळापत्रक आलं. बाईंनी ते पडद्यावर टाकलं आणि त्या दिवशी, वेळ कमी होता म्हणून असेल, गट केले नाहीत. सगळ्या वर्गाला विचारत सुटल्या. म्युनिकहून किती वाजता? कितव्या फलाटावरून? गाडी बदलायची कुठे? ही चुकली तर? शेवटच्या प्रश्नाला जरा हिशेब होता, दोन रकाने ताडून बघावे लागत होते. आयटीवाले इंग्रजीत पुटपुटत होते. माझ्या शेजारून आवाज आला, 'आख्टसेन ऊर त्स्वान्सिश.' सहा वाजून वीस मिनिटं. बाई 'रिश्टिश' म्हणाल्या, आणि त्याच दमात पुढच्या गाडीचं विचारलं.